मोफत वाय-फायचा खर्च कोण देतो?

वऱ्हाडातील उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच. २०१९ सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी बडनेरा स्थानकावर अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. फलाटावरील एका खांबाजवळ सात-आठ मुले हातात मोबाइल घेऊन दाटीने उभी होती. एक गाडी आली आणि गेली, पण त्यांतील कोणीही तीत चढले नाही. कुतूहल वाटून जवळ गेलो, तो त्यांत आमच्याच महाविद्यालयातील एक विद्यार्थी!

"काय रे, कोठे निघालास?"

"कुठं नाही सर. इथं वाय-फाय फुकट भेटते ना! परीक्षेचे जुने पेपर उतरवून घेतो. दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, की मंग काही खर्च नाही."

"पण याचा खर्च कोणी तरी देत असेलच की!"

"काहून सर? हवेतून तं येते. हवेले काय पैसे लागतेत?"

तेवढ्यात गाडी आली आणि आमचे बोलणे अर्धवट राहिले. परंतु त्या मुलाचा प्रश्न मला फार आवडला. हवेतून येणारी वस्तू फुकट का असू नये? आणि ती फुकट नसेल, तर स्थानकावर, बस-स्टँडवर किंवा चौकात तिचे पैसे कोण भरते? जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाला 'जाहिरातदार' असे उत्तर दिले गेले आहे. ते उत्तर कितपत खरे आहे, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे अंकगणित लागेल. दोन्ही शाळेतलेच आहे.

हवेतून येते ते काय?

प्रथम एक दुरुस्ती. वाय-फायच्या लहरी हवेतून येतात, पण त्यांना हवेची गरज नसते. ध्वनीला माध्यम लागते. प्रकाश आणि रेडिओ लहरी या मात्र विद्युतचुंबकीय लहरी आहेत आणि त्या निर्वातातूनही जातात. वाय-फायच्या लहरी या रेडिओ लहरींच्याच कुटुंबातल्या होत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर असतो. बहुतेक वाय-फाय यंत्रे २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आवर्तने, या वारंवारतेच्या आसपास काम करतात. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. ३० कोटी भागिले २४० कोटी म्हणजे एक-अष्टमांश मीटर, अर्थात १२.५ सेंटिमीटर. तुमच्या हाताच्या वितीपेक्षा ही लांबी थोडी कमीच भरेल. ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची तरंगलांबी ६ सेंटिमीटर असते. याउलट ६०० किलोहर्ट्झवर बोलणाऱ्या मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्राची तरंगलांबी ५०० मीटर भरते!

रेडिओ केंद्राच्या प्रेषकाची शक्ती अनेक किलोवॉट असू शकते. वाय-फायची भिंतीवरची पेटी बहुधा वॉटच्या दहाव्या भागाइतक्या शक्तीनेच लहरी सोडते. घरातील साधा एल.ई.डी. दिवा ९ वॉटचा असतो, हे लक्षात घ्या. शिवाय अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाई होते आणि दहापट झाले की शंभरावा भाग उरते. हा व्यस्त वर्गाचा नियम तुम्ही प्रकाशाच्या संदर्भात शिकला असाल. तोच येथे लागू पडतो. वाटेत भिंती असल्या किंवा माणसांची गर्दी असली, तर आणखी घट होते, कारण आपल्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि ते या लहरी बऱ्याच अंशी शोषून घेते. म्हणूनच फलाटावरची मुले खांबाला चिकटून उभी होती. त्यांना व्यस्त वर्गाचा नियम अनुभवाने सापडला होता!

लहर फुकट, तार महाग

त्या विद्यार्थ्याचे म्हणणे एका अर्थाने बरोबर होते. मोबाइल कंपन्या ज्या वारंवारता वापरतात, त्यांसाठी त्यांना सरकारकडे लिलावात मोठ्या रकमा भराव्या लागतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र भारत सरकारने २००५ साली कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. पुढे २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टेही मोकळे झाले. म्हणजे ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहिल्यास ही लहर वापरायला भाडे पडत नाही.

मग खर्च कोठे आहे? तो आहे लहरीच्या मागे असलेल्या तारेत. वाय-फाय ही केवळ शेवटच्या शंभरएक पावलांची बिनतारी वाट आहे. मोबाइलपासून पेटीपर्यंत लहर, आणि पेटीच्या मागे शेकडो किलोमीटर काचतंतूची केबल. रेल्वे स्थानकांवर ही सोय होऊ शकली, कारण रेल्वेच्याच रेलटेल या २००० साली स्थापन झालेल्या कंपनीने रुळांच्या कडेने काचतंतूचे जाळे पसरलेले होते. केबल, पेट्या, वीज आणि दुरुस्ती करणारी माणसे, या सर्वांना दरमहा पैसा लागतो.

दुसरी अडचण वाटणीची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि एका पेटीला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. एकमेकांत न मिसळणारे असे तीनच मार्ग या पट्ट्यात बसतात. एका मार्गावर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. वर्गात सर्वांनी एकदम उत्तर दिले तर कोणाचेच ऐकू येत नाही, म्हणून हात वर करून पाळीने बोलावे लागते. वाय-फाय यंत्रेही 'कोणी बोलत आहे का' हे आधी ऐकतात आणि शांतता असेल तरच बोलतात. दूर असलेल्या मोबाइलला संकेत क्षीण मिळतो, म्हणून तो सावकाश बोलतो आणि सर्वांचा वेळ खातो. पेटीमागे सेकंदाला १०० मेगाबिटची तार असली आणि ५० जण जोडले गेले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर २ मेगाबिट येणार. २०० जण आले की अर्धा मेगाबिट. प्रत्यक्षात पाळी सांभाळण्यातच बराच वेळ जात असल्याने याहूनही कमी मिळते.

रेडिओने घालून दिलेला धडा

जाहिरातीच्या पैशावर लोकांना काही तरी मोफत ऐकवायचे, ही कल्पना नवी नाही. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. रेडिओ सिलोनवरचा गाण्यांचा लोकप्रिय कार्यक्रम एका टूथपेस्टच्या नावाने चालत असे. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि आपल्या विदर्भातील नागपूर केंद्रांवरून. साबणाचा किंवा तेलाचा कारखानदार पैसे देई आणि श्रोत्याला गाणी मिळत.

तर मग वाय-फाय का नाही तसेच चालणार? येथे दोन गोष्टींत मोठा फरक आहे, आणि पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

पहिला फरक असा की, रेडिओचा एक श्रोता वाढला तर केंद्राचा खर्च एका पैशानेही वाढत नाही. अमरावतीतील एका घरात गाणे लागले म्हणून शेजारच्या घरातले गाणे कमी होत नाही. वाय-फायमध्ये मात्र प्रत्येक नवा माणूस इतरांच्या वाट्यातून घेतो. शिवाय एक पेटी थोड्याच अंतरापर्यंत पोचते. त्यामुळे माणसे वाढली की पेट्या आणि केबल वाढवाव्या लागतात.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. रेडिओ संच फक्त ऐकतो, केंद्राकडे काही पाठवीत नाही. गाणे कोण ऐकत आहे, हे केंद्राला कळत नसे. वाय-फाय मात्र दुतर्फा संभाषण आहे. तुमचा मोबाइल काही मागतो, तेव्हाच त्याला काही मिळते. साहजिकच मागणारा कोण, कोठे उभा आहे, किती वाजता आला आणि किती वेळ थांबला, हे पलीकडच्याला कळू शकते. जाहिरातदाराला रस आहे तो नेमका यातच.

एक छोटे गणित

आता जाहिरातीतून खर्च निघतो का, ते पाहू. खालील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. पद्धत समजली की तुम्ही ते बदलून पाहू शकता.

समजा, एका मोठ्या बस-स्टँडवरील वाय-फायचा सर्व खर्च महिन्याला १५,००० रुपये आहे. जाहिरातीचा दर 'हजार वेळा दाखविण्याला इतके रुपये' असा ठरतो. तो १०० रुपये धरू. म्हणजे एकदा जाहिरात दाखविली की दहा पैसे मिळतात. खर्च भागविण्यासाठी महिन्याला दीड लाख वेळा, म्हणजे दिवसाला ५,००० वेळा जाहिरात दाखवावी लागेल. प्रत्येकाने दोन जाहिराती पाहिल्या, तर रोज २,५०० माणसे हवीत. वर्दळीच्या बस-स्टँडवर एवढी माणसे मिळणे अशक्य नाही.

आता तीच योजना एका लहान गावात नेऊ. तेथे खर्च ५,००० रुपयेच धरू आणि रोज वापरणारी माणसे २०० धरू. दोन जाहिरातींच्या हिशेबाने रोज ४०० वेळा, म्हणजे दिवसाला ४० रुपये आणि महिन्याला १,२०० रुपये. उरलेले ३,८०० रुपये कोण देणार? शिवाय दर हजारी १०० रुपये देणारा जाहिरातदार या गावासाठी कदाचित मिळणारही नाही. ज्याच्याकडून खरेदीची आशा आहे, त्याच्यासमोरच तो पैसे टाकणार.

यातून एक नियमच हाती येतो. लहर पेटीतून चहूकडे सारखी पसरते, समोर गरीब आहे की श्रीमंत हे ती पाहत नाही. पण जाहिरातीचा पैसा जेथे गिऱ्हाईक आहे तेथेच जातो. गरज आणि गिऱ्हाईक एकाच ठिकाणी असतील तर उत्तम. ती वेगळ्या ठिकाणी असतील तर जाहिरातीवरचे वाय-फाय गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहते आणि गरजवंताला तेथवर चालत जावे लागते.

प्रत्यक्षात काय घडले?

भारतातील सर्वांत मोठा प्रयोग रेल्वे स्थानकांवर झाला. रेलटेल आणि गूगल यांनी मिळून जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकापासून मोफत वाय-फाय सुरू केले. जून २०१८ मध्ये आसाममधील दिब्रुगढ हे चारशेवे स्थानक झाले. जोडणी करताना जाहिरात दाखवून खर्चाचा भार उचलावा, असाही या उपक्रमामागे एक विचार होता. याचा लाभ अनेकांना झाला, हे खरेच. २०१८ साली केरळमधील एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाची कहाणी वर्तमानपत्रांत आली होती. ओझी वाहता वाहता तो स्थानकाच्या वाय-फायवरून उतरवून घेतलेले धडे ऐकत असे, आणि अशा अभ्यासावर तो राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला.

तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने हा उपक्रम आवरता घेण्याचे जाहीर केले. कारण असे दिले की पाच वर्षांत भारतातील मोबाइल डेटाचे दर सुमारे ९५ टक्क्यांनी उतरले आहेत, आणि निरनिराळ्या देशांत ही सेवा टिकाऊ रीतीने वाढविणे अवघड जात आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये नवी मोबाइल सेवा आल्यानंतर डेटा कसा स्वस्त झाला, हे तुमच्या घरच्यांना आठवत असेल. डेटा स्वस्त झाल्यावर वाय-फायसाठी थांबणारी माणसे कमी होतात, आणि माणसे कमी झाली की जाहिरातीचे गणित कोसळते. रेलटेलने मात्र काम थांबवले नाही. मे २०२१ पर्यंत अशी ६,००० स्थानके झाली. त्या वर्षी जाहीर झालेल्या योजनेप्रमाणे रोज पहिली ३० मिनिटे सेकंदाला १ मेगाबिट वेगाने मोफत आणि पुढे अधिक वेगासाठी पैसे, अशी व्यवस्था ठेवण्यात आली. ३० मिनिटे म्हणजे १,८०० सेकंद. तेवढ्यात १,८०० मेगाबिट, म्हणजे २२५ मेगाबाइट मजकूर उतरतो. अभ्यासाच्या टिपणांना तो पुष्कळ आहे, चित्रपटाला अपुरा.

जाहिरातीवरच सर्वस्वी विसंबलेला प्रयोग पाहायचा, तर अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराकडे पाहावे लागेल. तेथे जुन्या टेलिफोन-बूथांच्या जागी २०१६ पासून वाय-फायचे उंच खांब उभे राहिले. प्रत्येक खांबाच्या दोन्ही अंगांना जाहिरातीचे मोठे पडदे. नागरिकांना सेवा मोफत मिळेल आणि शहराच्या तिजोरीतही भर पडेल, अशी अपेक्षा होती. परंतु उत्पन्न अंदाजाइतके आले नाही आणि शहराला द्यायच्या रकमा थकल्या. पहिल्या काही वर्षांत बरेचसे खांब मॅनहॅटनच्या गजबजलेल्या, धनिक भागांत एकवटले आणि दूरच्या वस्त्या मागे राहिल्या. पुढे नव्या खांबांपैकी बहुतेक मागे राहिलेल्या भागांतच उभारावेत, असे बंधन घालावे लागले. आपल्या छोट्या गणिताचे उत्तर जगातील एका श्रीमंत शहरानेही असेच दिले!

मेळघाटाचा प्रश्न

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर जाहिरातदार आनंदाने येईल. पण मेळघाटात?

धारणी तालुक्यातील हरिसाल हे सातपुड्याच्या डोंगरातील कोरकू वस्तीचे गाव. २०१६ साली राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी मिळून या गावाला 'डिजिटल गाव' करण्याचे ठरविले. तेथे दवाखान्याला दूरवरच्या डॉक्टरांशी आणि शाळेला नव्या साधनांशी जोडायचे होते. त्यासाठी टेलिव्हिजनच्या वारंवारतांमधील मोकळ्या जागा वापरण्याच्या तंत्राचाही विचार झाला. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ही लहर सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची असते. वाय-फायच्या आखूड लहरीपेक्षा ती डोंगराच्या कडेवरून अधिक वाकते आणि झाडीतून कमी घट होऊन जाते. उंचसखल आणि रानाने झाकलेल्या मुलखासाठी ती अधिक सोयीची.

म्हणजे पदार्थविज्ञानाजवळ डोंगराला उत्तर आहे. अडते ते दर महिन्याच्या खर्चावर. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी हरिसालमधील सोयी प्रत्यक्ष किती चालू आहेत, यावरून जाहीर वाद झडला होता, तो तुमच्या शिक्षकांना आठवत असेल. त्या वादात आपल्याला शिरायचे नाही. पण यंत्र बसविणे हा एक दिवसाचा समारंभ असतो, आणि ते चालू ठेवणे हा रोजचा खर्च असतो, हे कोणत्याही गावाला लागू आहे. तेथे जाहिरातीचा आधार मिळणार नाही. शासन, ग्रामपंचायत किंवा गावातीलच एखादा छोटा व्यावसायिक, यांपैकी कोणी तरी तो भार उचलला पाहिजे.

या शेवटच्या वाटेसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. पूर्वी गावोगावी पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. बूथ असत. त्याच धर्तीवर चहाची टपरी किंवा किराणा दुकान परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय वाय-फाय विकू शकते. पाच-दहा रुपयांत थोडा डेटा, अशी ही कल्पना. दुकानदाराला मागची तारच महाग पडत होती. म्हणून जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरवून दिले की सेकंदाला २०० मेगाबिटपर्यंतच्या जोडणीसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त रक्कम घेता येणार नाही. पुन्हा प्रश्न लहरीचा नव्हता, तारेचाच होता!

तुमच्याकडून काय जाते?

जेथे जाहिरातीवरचे वाय-फाय आहे, तेथे ते जरूर वापरावे. पण आपण त्याची किंमत कोणत्या नाण्यात देतो, ते माहीत असावे.

पहिले नाणे वेळेचे. जाहिरात त्याच अरुंद वाटेने येते आणि तुमच्या वाट्यातलाच काही भाग घेते.

दुसरे नाणे माहितीचे. वाय-फाय सुरू करताना मोबाइल क्रमांक विचारतात आणि ओटीपी येतो. यामागे सुरक्षेचे एक कारण आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठविला गेला होता. त्या घरच्या माणसाला याची कल्पनाही नव्हती. त्यानंतर २००९ साली दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदविणे आवश्यक केले. म्हणजे क्रमांक विचारणे गैर नाही. मात्र सुरक्षेसाठी घेतलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरणे ही वेगळी गोष्ट आहे.

इंटरनेटवरील बऱ्याच जाहिरातींची जागा लिलावाने विकली जाते. बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी बोली लावतात, तशीच येथे संगणक बोली लावतात आणि सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात सौदा होतो. ढिगाच्या जागी असते तुमचे क्षणभराचे लक्ष. तुमचे वय, ठिकाण आणि आवडी जितक्या ठाऊक, तितकी बोली चढते.

माझ्या ओळखीच्या एका बारावीच्या विद्यार्थिनीने एका दुकानातील मोफत वाय-फायसाठी आपला क्रमांक आणि इयत्ता भरून दिली. आठवडाभरात तिच्या घरी शिकवणी वर्गांचे फोन सुरू झाले. पहिल्या गोष्टीमुळेच दुसरी घडली, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तिचा क्रमांक दुसरीकडूनही गेला असेल. पण वाय-फायला इयत्ता कशाला हवी होती, हा प्रश्न तिला त्या वेळी सुचला असता तर बरे झाले असते, नाही का?

याबाबतीत तुमच्या वयाच्या मुलांना कायद्याने विशेष संरक्षण दिले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते. मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

काही साधे नियम आपणही पाळावेत. संकेतस्थळाच्या पत्त्याआधी कुलपाची खूण असेल तर मजकूर गुप्त लिपीत जातो. वाय-फाय चालविणाऱ्याला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे सहसा कळते, तेथे काय लिहिले हे कळत नाही. बँकेचे व्यवहार सार्वजनिक वाय-फायवर टाळावेत. फसविणारा माणूस ओळखीच्या नावाचे खोटे वाय-फाय उभे करू शकतो, म्हणून नाव नीट पाहावे. आणि काम झाले की मोबाइलचे वाय-फाय बंद करावे.

बडनेऱ्याच्या त्या विद्यार्थ्याची पुढे भेट झाली, तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "म्हणजे सर, हवा फुकट हाय, पण हवेपर्यंत आणणारा फुकट नाही." मी त्याला सांगितले की उत्तर बरोबर आहे, आता फक्त आणणाऱ्याला तू काय देतोस तेवढे पाहत जा.

करून पहा

१. दोन मोबाइल घ्या. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने एकाचे हॉटस्पॉट सुरू करा आणि दुसऱ्यात संकेताची शक्ती मोजणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्या. शाळेच्या मैदानावर १, २, ४ आणि ८ मीटर अंतरांवर आकडा टिपा. हा आकडा 'डीबीएम'मध्ये असतो आणि ऋण असतो. तो ६ ने घटला की शक्ती चौथाई झाली असे समजा. व्यस्त वर्गाच्या नियमाप्रमाणे दर दुपटीला ६ ची घट यायला हवी. तुमच्या आकड्यांत फरक पडला तर जमिनीवरून परत येणाऱ्या लहरींचा विचार करा.

२. आता दोन मोबाइलांच्या मध्ये चार मित्रांना दाटीने उभे करा आणि पुन्हा मोजा. मग हॉटस्पॉटचा मोबाइल घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून मोजा. घट का झाली, आणि संकेत पूर्णपणे बंद झाला नसेल तर लहर कोठून निसटली असावी, हे वहीत लिहा.

३. तुमच्या गावात कोठे मोफत वाय-फाय असेल, तर जोडणीच्या वेळी ते काय काय विचारते, त्याची यादी करा. त्यांतील कोणती माहिती सेवा देण्यासाठी खरोखर आवश्यक आहे आणि कोणती नाही, याची वर्गात चर्चा करा.

४. वरील छोट्या गणितात तुमच्या गावाचे आकडे घाला. खर्च जाहिरातीतून निघत नसेल, तर उरलेली रक्कम कोणी द्यावी असे तुम्हांला वाटते?